केक चांगला होता, गाड्यांनी बुडवला: ट्विंकीची गोष्ट



ट्विंकी या अमेरिकन केकची गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे ऐकली असेल. बिझनेसच्या मोटिव्हेशनल व्हिडिओंमध्ये ती हमखास येते. एका बेकरीत साचे रिकामे पडले होते, मॅनेजरच्या डोक्यात कल्पना आली, आणि त्यातून जगप्रसिद्ध ब्रँड उभा राहिला. टाळ्या. शेवटी एक वाक्य, 'तुम्हीही वेगळा विचार करा.'

गोष्ट खरी आहे, पण ती पहिल्या पानावरच थांबते. हाच केक बनवणारी कंपनी २००४ मध्ये दिवाळखोरीत गेली, त्यातून कशीबशी बाहेर आली आणि २०१२ मध्ये पुन्हा बुडाली. दोन्ही वेळा लोक ट्विंकी विकत घेतच होते. मग कंपनी बुडाली कशाने? माझं मत स्पष्ट आहे: माल दुकानापर्यंत नेण्याच्या खर्चाने. आणि २०१३ मध्ये तो केक परत आला तोही मुख्यतः तोच खर्च बदलून. तुमच्यापैकी जे लाडू, चिवडा, नानकटाई, कपकेक असं काही पाकिटात घालून विकायच्या तयारीत आहेत, आणि त्यातही जे मशीनसाठी कर्ज काढायला निघालेत, त्यांनी हा दुसरा भाग आधी वाचावा असं मला वाटतं.

तरी सुरुवातीपासून सांगतो.

१९३० साल. अमेरिकेत महामंदी सुरू झालेली. शिकागोजवळ कॉन्टिनेन्टल बेकिंग कंपनीची बेकरी होती. होस्टेस हा त्यांचा केकचा ब्रँड. स्ट्रॉबेरीचा हंगाम असला की तिथे लांबट आकाराचे छोटे स्पंज केक बनायचे आणि त्यात स्ट्रॉबेरी भरली जायची. हंगाम संपला की साचे पडून. जेम्स ड्यूअर हा तिथला मॅनेजर. हा माणूस कंपनीत आला तेव्हा घोडागाडीतून केक पोहोचवायचा, म्हणजे दुकानात माल कसा जातो आणि कसा परत येतो हे त्याला पुस्तक न वाचता माहीत होतं. त्याने त्याच साच्यांत केक केले, आत केळ्याच्या स्वादाचं क्रीम भरलं आणि ५ सेंटला दोन असे विकायला काढले. नावही रस्त्यात मिळालं. सेंट लुईसला जाताना त्याला 'ट्विंकल टो' नावाच्या बुटांची जाहिरात दिसली, त्यावरून ट्विंकी.

यातला धंद्याचा भाग बघा. साचे होते, भट्टी होती, माणसं होती, दुकानं ओळखीची होती. नवीन खर्च काय? क्रीम आणि वेष्टन. मंदीत ५ सेंटला दोन केक देणं त्याला परवडलं ते यामुळे. लोक याला 'क्रिएटिव्हिटी' म्हणतात. मी याला पडीक जागेतून भाडं काढणं म्हणेन, आणि ते जास्त कौतुकाचं आहे.

दुसऱ्या महायुद्धात केळी मिळेनात. बोटी युद्धाच्या कामाला लागलेल्या. कंपनीने केळ्याऐवजी व्हॅनिला क्रीम भरायला सुरुवात केली, आणि गंमत म्हणजे लोकांना तेच आवडलं. आज ज्याला लोक 'ओरिजिनल' चव म्हणतात ती टंचाईतून आलेली आहे. पुढे १९५० च्या दशकात टीव्ही आला, लहान मुलांच्या 'हाउडी डूडी' कार्यक्रमातून जाहिरात झाली, आणि ट्विंकी शाळेच्या डब्यात गेली. हा भाग सगळे सांगतात, म्हणून मी इथेच सोडतो.

किती दिवस टिकतो?

सुरुवातीला या केकमध्ये अंडी, दूध, लोणी असायचं. म्हणजे काही दिवसांत खराब. विक्रेत्याने दुकानात जायचं, जुना माल उचलायचा, नवा ठेवायचा. उचललेला माल कोणाच्या खात्यात? कंपनीच्या. म्हणून कंपनीने वर्षानुवर्षं कृती बदलत नेली.

अमेरिकेत एक विनोद आहे की जग बुडालं तरी झुरळं आणि ट्विंकी उरतील. 'झोम्बीलँड' सिनेमात एक पात्र सगळं जग उद्ध्वस्त झाल्यावर ट्विंकी शोधत फिरतं, तुम्ही पाहिलं असेल. पण २०१२ पूर्वी ट्विंकी जेमतेम २५-२६ दिवस टिकायची! आणि त्यासाठी काही जादूचं केमिकल नव्हतं. नाव घेण्यासारखं संरक्षक द्रव्य एकच, सॉर्बिक आम्ल, तेही बुरशीसाठी. बाकी काम कृतीचं आणि वेष्टनाचं. क्रीममध्ये दूध-लोणी नाही, चरबी आणि साखर, म्हणून ते आंबत नाही. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे जंतूंना वापरायला पाणी कमी मिळतं. केक कडक होऊ नये म्हणून इमल्सिफायर. आणि वरून घट्ट बंद पाकीट.

हे मी एवढं का सांगतोय? कारण आपल्याकडे कोणी विचारलं 'किती दिवस टिकतं?' की उत्तर येतं, 'पंधरा-वीस दिवस आरामात टिकतं, आमच्या घरी तर महिनाभर राहतं.' घरी डबा असतो. झाकण घट्ट असतं. आणि घरचं माणूस तक्रार करत नाही.

आपल्या भाषेत खराब होण्याला किती वेगवेगळे शब्द आहेत बघा. सादळणं, खवट होणं, बुरशी येणं, शिळं होणं. हे चार वेगळे आजार आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

चकली, चिवडा सादळतो तो बाहेरच्या दमट हवेने. पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून ओल आत जाते, मेणबत्तीवर सील केलं तर कोपऱ्यातूनही जाते. इथे पैसा पाकिटावर घालायचा, चांगल्या लॅमिनेटवर आणि नीट सीलिंगवर. शेव, फरसाण खवट होतं ते तेलाला हवा आणि उजेड लागून. चार वेळा तापवलेलं तेल वापरलं तर कितीही भारी पाकीट घ्या, वास येणारच. आधी तेल ताजं, मग उजेड अडवणारं पाकीट, आणि परवडलं तर आत हवेऐवजी नायट्रोजन. पुरणपोळी किंवा ओल्या नारळाच्या करंजीला बुरशी येते ती आतल्याच पाण्याने. तिथे पाकीट फारसं काही करू शकत नाही, कृतीच बदलावी लागते किंवा पदार्थ ताजाच विकावा लागतो. स्पंज केक शिळा होतो म्हणजे कडक, कोरडा होतो, तो चौथा आजार. आणि गरम माल पाकिटात भरला तर वाफेचं पाणी आतच सुटतं, म्हणजे आजार आपणच पॅक करून देतो. घाईच्या ऑर्डरला हे सर्रास होतं.

आता बुडण्याकडे

मधल्या काळात कंपनीचे मालक बदलत गेले. १९६८ मध्ये आयटीटी, १९८४ मध्ये राल्स्टन प्युरिना, १९९५ मध्ये इंटरस्टेट बेकरीज. प्रत्येकाने जुना डोलारा जसाच्या तसा पुढच्याच्या गळ्यात घातला. २००४ मध्ये इंटरस्टेट दिवाळखोरीत गेली. ब्रेडची विक्री घसरत होती, कमी कार्बोहायड्रेटच्या आहाराची लाट होती, खर्च तसाच. त्यातच ब्रेड जास्त दिवस टिकावा म्हणून कृतीत बदल केले, तर ब्रेडच्या दर्जाबद्दल तक्रारी आल्या. हे लक्षात ठेवा, कारण 'टिकाऊपणा वाढवा' एवढंच ऐकून उद्या कोणी प्रयोग करायला बसेल. टिकतो पण आवडत नाही, असा माल दुकानात जास्त दिवस पडून राहतो, एवढाच त्याचा फायदा.

२००९ मध्ये कंपनी होस्टेस ब्रँड्स नावाने बाहेर आली, ती डोक्यावर मोठं कर्ज घेऊनच. २०१२ चं चित्र ऐका: ३३ बेकऱ्या, ५६५ वितरण केंद्रं, सुमारे ५,५०० डिलिव्हरी रूट, १८,५०० कामगार, वर्षाची विक्री सुमारे २.५ अब्ज डॉलर. एवढी विक्री आणि तरी तोटा! कंपनीची स्वतःची गाडी, स्वतःचा ड्रायव्हर, प्रत्येक दुकानाच्या दारात. काही ठिकाणी करार असे की ब्रेड आणि केक एकाच गाडीतून न्यायचे नाहीत. एकाच दुकानात, एकाच सकाळी, एकाच कंपनीच्या दोन गाड्या.

काही जण म्हणतात, युनियनने कंपनी बुडवली. मला हे अर्धवट वाटतं. ते करार एका बाजूने होत नाहीत, सही मॅनेजमेंटचीही असते. ड्रायव्हर आणि कामगारांनी आधीच्या दिवाळखोरीत पगार-सवलतींवर पाणी सोडलं होतं. २०११ मध्ये कंपनीने पेन्शन फंडात पैसे भरणंच थांबवलं. पुन्हा कपात मागितली तेव्हा नोव्हेंबर २०१२ मध्ये बेकरी कामगार संपावर गेले आणि आठवडाभरात कंपनीने कुलूप लावायचा निर्णय जाहीर केला. त्यानंतर कोर्टाने कंपनी गुंडाळण्याच्या कामासाठी वरच्या १९ अधिकाऱ्यांना सुमारे १८ लाख डॉलरपर्यंत बोनस द्यायला परवानगी दिली. खाली १८,५०० माणसांची नोकरी गेली. बिझनेस शिकवणारे लोक हा आकडा भराभर ओलांडून 'कमबॅक'वर जातात, मला ते आवडत नाही. तुमच्याकडे उद्या चार बायका लाटायला-तळायला येतील, तेव्हा वितरणाचा हिशोब चुकला तर पहिला फटका त्यांच्या रोजाला बसेल.

हिशोब छोट्या आकड्यांत करू

अमेरिकेच्या गाड्या बाजूला ठेवू. समजा तुम्ही सांगलीत नानकटाई बनवता. पाकीट ३० रुपयांना. दुकानदाराला २० टक्के, म्हणजे ६ रुपये. तुमच्या हातात २४. माल, मजुरी, पाकीट मिळून खर्च १५. कागदावर पाकिटामागे ९ रुपये सुटतात आणि माणूस खूश होतो.

४० दुकानं आहेत. माल दहा दिवस टिकतो, म्हणून दर आठवड्याला फेरी. प्रत्येक दुकानात ५ पाकिटं, म्हणजे २००. त्यातली १५ टक्के, म्हणजे ३० परत आली. विकली गेली १७०, मिळाले ४,०८०. बनवायचा खर्च सगळ्या २०० चा, ३,०००. उरले १,०८०. पेट्रोल आणि पोराचा दिवस ७००. हातात ३८०. तीन आठवड्यांचे १,१४०. यात तुमचा स्वतःचा पगार अजून धरलेला नाही.

आता तोच माल, चांगल्या पाकिटात, ४५ दिवस टिकतो. पाकिटामागे दीड रुपया जास्त, म्हणजे खर्च १६.५०. फेरी तीन आठवड्यांतून एकदा, प्रत्येक दुकानात १५, एकूण ६०० पाकिटं. परत आली समजा ३ टक्के, १८. विकली गेली ५८२, मिळाले १३,९६८. खर्च ९,९००. उरले ४,०६८. माल जास्त म्हणून छोटा टेम्पो, १,०००. हातात ३,०६८.

कृती तीच, दुकानं तीच, भाव तोच. १,१४० कुठे आणि ३,०६८ कुठे!

पण हे वाचून लगेच उड्या मारू नका. एका दुकानात १५ पाकिटं एकदम टाकली की दुकानदार म्हणतो, 'ताई, संपल्यावर पैसे नेऊ.' म्हणजे तुमचे पैसे तीन आठवडे त्याच्या फळीवर. ४० दुकानांत मिळून जवळजवळ दहा हजारांचा माल अडकला. तेवढं भांडवल बाजूला असेल तरच हे गणित चालतं. म्हणून मी म्हणतो की कर्ज काढताना मशीनच्या कोटेशनबरोबर या अडकणाऱ्या मालाचा आकडाही मांडा. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत कर्जाला जोडून ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख, अशी सोय ठेवली गेली. चांगली गोष्ट आहे. पण अनुदानाने मशीन स्वस्त होतं, परत आलेली पाकिटं नाही. ताशी ५० किलोचं मशीन घेतलं आणि माल दहाच दिवस टिकत असेल, तर मशीन तुमचा तोटा फक्त लवकर तयार करून देतं.

परत कशी आली

२०१३ मध्ये अपोलो ग्लोबल आणि मेट्रोपौलोस या दोन गुंतवणूकदारांनी होस्टेसचा केकचा धंदा ४१ कोटी डॉलरला घेतला. ब्रेड त्यांनी घेतलाच नाही, वंडर ब्रेड वगैरे ब्रँड फ्लॉवर्स फूड्सकडे गेले. हा निर्णय मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. ब्रेडला रोज गाडी लागते, केकला लागत नाही, पण दोघं एका घरात असल्यामुळे केकही रोजच्या गाडीचं भाडं भरत होता. तुमच्याकडेही असं असतं. ताजा ढोकळा आणि टिकाऊ शंकरपाळे एकाच फेरीत, आणि फायदा नक्की कोण देतंय हे कधी वेगळं काढलेलंच नसतं.

१५ जुलै २०१३ ला ट्विंकी पुन्हा दुकानात आली. टिकण्याची मुदत आता ४५ दिवस, पुढे ती ६५ दिवसांपर्यंत नेली. त्यामुळे दारोदार जाणाऱ्या गाड्याच बंद करता आल्या. माल थेट मोठ्या दुकानसाखळ्यांच्या गोदामात टाकायचा, तिथून पुढे त्यांच्याच गाड्या नेतात. पूर्वी ज्या छोट्या दुकानापर्यंत स्वतःची गाडी पाठवणं परवडत नव्हतं तिथेही केक जाऊ लागला. ३३ बेकऱ्यांच्या जागी सुरुवातीला चार, मोठी स्वयंचलित यंत्रं, आणि पूर्वीच्या तुलनेत मूठभर कामगार. शिकागोजवळचा शिलर पार्कचा कारखाना, जिथे ट्विंकी जन्मली असं सांगतात, तो उघडला खरा, पण २०१४ मध्ये बंदच केला.

पैसा मात्र झाला. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली तेव्हा किंमत लागली सुमारे २.३ अब्ज डॉलर. २०२३ मध्ये जॅम आणि पीनट बटर बनवणाऱ्या स्मकर कंपनीने ती कर्जासकट ५.६ अब्ज डॉलरला घेतली. दहा वर्षांपूर्वीचे ४१ कोटी, आणि आता ५६० कोटी.

आणि तिथे पुन्हा पेच आला. खरेदीनंतर दोन वर्षांच्या आतच स्मकरला या गोड पदार्थांच्या विभागाची वहीतली किंमत १ अब्ज डॉलरहून जास्त कमी करून दाखवावी लागली. महागाईत लोक पाकिटातले गोड पदार्थ कमी घेऊ लागले. गाडीचा प्रश्न सुटला होता, गिऱ्हाइकाचा हात आखडला. ६५ दिवसांची मुदत त्यावर काही करू शकत नाही.

म्हणून माझा आग्रह छोटा आहे. मशीनचं कोटेशन मागवण्याआधी पंधरा पाकिटं भरा, विकायची आहेत त्याच पाकिटात, त्याच सीलिंगने, माल पूर्ण गार करून. प्रत्येकावर तारीख लिहा. पाच कपाटात, पाच स्वयंपाकघरात, पाच ओळखीच्या दुकानदाराच्या काउंटरवर, जिथे दुपारी ऊन येतं. शक्यतो हे पावसाळ्यात करा. दर चार दिवसांनी तिन्ही जागांचं एकेक पाकीट फोडा आणि वहीत लिहा: सादळलं, वास आला, कडक झालं, ठीक. वीस दिवसांत वही भरते. पाकिटावर छापायची तारीख त्यानंतर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्यायची, पण निदान तिथे काय घेऊन जायचं ते कळलेलं असेल.

चव बघायला घरच्यांना बसवू नका. शेजारच्या काकूंना चहाबरोबर द्या आणि कसं झालंय असं विचारू नका. त्या दुसऱ्यांदा बशीत हात घालतात का, तेवढं बघा.